सरेंडर व्हॅल्यू

विम्याची पॉलिसी मध्येच बंद केली तर जी रक्कम हातात पडते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात, हे नोकरीला लागल्यावर पहिल्या मार्चमध्येच कळतं. (टॅक्स वाचवायला घाईघाईने पॉलिसी घेणाऱ्यांना जरा जास्तच नीट कळतं.) हिशेब साधा असतो. अगदी सुरुवातीला सोडलीत तर भरलेल्या पैशांतलं फारसं काही परत येत नाही. खरा फायदा शेवटपर्यंत टिकणाऱ्याचा.

आता गंमत बघा. विम्यातला हा शब्द इंग्रजी शिकण्याला लावला गेला तो १९२६ साली, आणि तोही लंडनमध्ये नाही, बंगालात.

मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज १९१२ मध्ये इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये दाखल झाला. पुढे तो ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. द्विभाषिकत्वावर त्याने एक जाडजूड अहवाल लिहिला, बंगालच्या शाळांचा अभ्यास करून. तो १९२६ मध्ये कलकत्त्याला सरकारी खर्चाने छापला गेला. सरकारी अहवाल म्हटला की तो कपाटात जाऊन बसायचा, पण या अहवालातला एक प्रश्न मला आजही ताजा वाटतो. प्रश्न असा: जो मुलगा इंग्रजीचा पूर्ण कोर्स करणारच नाही, दोन-तीन वर्षांत शाळा सोडून शेतावर किंवा दुकानात जाणार आहे, त्याच्या हातात काय पडतं?

उत्तर होतं, जवळजवळ काहीच नाही. कारण सगळा अभ्यासक्रम मॅट्रिक आणि त्यापुढे कॉलेजात जाणाऱ्या मूठभर मुलांच्या हिशेबाने आखलेला. पहिली काही वर्षं पायाभरणीची: स्पेलिंग, व्याकरण, उतारे पाठ करणं. घर बांधून होईल ते नंतर. मधे सोडून जाणाऱ्याला नुसता पाया मिळायचा, आणि पायावर कोणी राहत नाही. वेस्टने याला नाव दिलं, अपुऱ्या अभ्यासक्रमाची सरेंडर व्हॅल्यू. त्याचं म्हणणं होतं की ज्या विषयात गळती मोठी, तिथे रोज शिकवलेलं त्याच दिवसापासून थोडंफार उपयोगी पडेल अशीच रचना हवी.

त्याने निवडलेला उपाय म्हणजे वाचन. बोलणं नाही, लिहिणं नाही, आधी वाचन. कारण बंगाली मुलाला गावात इंग्रजी बोलायला कोणी भेटणार नाही, पण शेती, आरोग्य, विज्ञान यांवरची माहिती तेव्हा इंग्रजी पुस्तकांतच होती. मुलगा वाचायला शिकला तर शाळा सुटल्यावरही पुढे जाऊ शकेल.

इथे माझं वेस्टशी थोडं भांडण आहे. वाचनाने ज्ञान मिळतं हे कबूल. पण साहेबाच्या राज्यात (आणि नंतरच्या साहेबांच्याही) नोकरी मिळायची ती तोंड उघडल्यावर. कोर्टात, कचेरीत, मुलाखतीत जो बोलतो तो पुढे जातो. 'तुम्हाला बोलण्याची फारशी गरज नाही' हे एका इंग्रज अधिकाऱ्याने बंगाल्यांना सांगणं, हेतू कितीही चांगला असला तरी, कानाला खटकतंच. त्याच बंगालात रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनच्या मुलांसाठी इंग्रजीची पुस्तकं तयार केली होती. त्यातल्या एकाचं नावच 'इंग्रेजि श्रुतिशिक्षा'. म्हणजे सुरुवात कानापासून. दोन टोकं, एकच प्रांत.

असो. पण वाचनच शिकवायचं ठरल्यावर वेस्टने जे केलं ते एखाद्या चांगल्या इंजिनिअरला शोभेल असं आहे. त्याने बग कुठे आहे ते मोजलं.

त्या वेळची वाचनमाला उघडली तर नवे शब्द गारांसारखे अंगावर यायचे, दर चार-दोन ओळींत. शिवाय शब्द कसले, तर 'एर', 'आइल', 'नॉट' असले कवितेतले. ('बिफोर', 'आयलंड', 'नथिंग' यांचे हे पणजोबा.) मुलगा वाचत नसायचाच, तो कोडं सोडवत असायचा. वेस्टने दोन गोष्टी केल्या. एक, दुर्मिळ शब्द काढून रोजच्या वापरातले घातले. त्यासाठी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या एडवर्ड थॉर्नडाइकने १९२१ मध्ये काढलेली १०,००० शब्दांची यादी हाताशी होती. कुठला शब्द छापील मजकुरात किती वेळा येतो, ते माणसांनी हाताने मोजून केलेली. आणि दुसरं, नव्या शब्दांचा दर बांधून टाकला: साधारण पन्नास शब्दांमागे एक नवा. शिवाय एकदा आलेला शब्द पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा आलाच पाहिजे.

पन्नासात एक म्हणजे ९८ टक्के मजकूर ओळखीचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाँगमन्सने ही 'न्यू मेथड' वाचनमाला छापली. क्रमिक पुस्तकांबरोबर गोष्टींची पुस्तकं आली, त्यात रॉबिन्सन क्रूसोसुद्धा होता, ठरावीक शब्दांत पुन्हा लिहिलेला. सोप्या इंग्रजीतल्या गोष्टींची पातळ पुस्तकं आज पुस्तकांच्या दुकानात 'लेव्हल १, लेव्हल २' असे शिक्के मारून ठेवलेली दिसतात, त्यांचं मूळ या मालेत आहे.

साधारण याच काळात केंब्रिजमध्ये सी. के. ऑग्डेन नावाचा एक हुशार आणि विक्षिप्त गृहस्थ वेगळाच खटाटोप करत होता. त्याने १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' जाहीर केलं. एकूण शब्द फक्त ८५०. नावातली पाच अक्षरं म्हणजे ब्रिटिश, अमेरिकन, सायंटिफिक, इंटरनॅशनल, कमर्शियल. (आपल्या कॉम्प्युटरवालं बेसिक वेगळं, ते १९६४ चं.) 'कमर्शियल' हा शब्द पाहिलात ना? व्यापाराचं इंग्रजी चटकन शिकवून देतो, हे आश्वासन तेव्हापासूनचं आहे.

ऑग्डेनची करामत क्रियापदांत होती. त्याने ती जवळजवळ सगळी हाकलून दिली आणि फक्त अठरा ठेवली. गेट, गिव्ह, पुट, टेक, गो असली. यांना तो 'ऑपरेटर' म्हणायचा, हे तर आपल्या कानाला घरचंच वाटतं. बाकी सगळं काम ऑपरेटरला 'अप', 'आउट', 'ऑफ' जोडून भागवायचं. उदाहरणार्थ 'सरेंडर' हा शब्द त्या ८५० मध्ये नाही. त्याऐवजी म्हणायचं 'गिव्ह अप'.

आणि इथेच गोची आहे. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. 'वर देणे' यातून 'हार मानणे' कसं निघणार? ज्याला दोन्ही शब्द पाठ आहेत त्यालाही जोडीचा अर्थ वेगळा शिकावाच लागतो. म्हणजे कागदावर ८५० शब्द, आणि प्रत्यक्षात त्यांच्या जोड्या किती, ते त्या आकड्यात धरलेलंच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन मोजकी, पण प्रत्येकाचं ओव्हरलोडिंग भरमसाट. वेस्टने १९३४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर बेसिकची चिकित्सा करणारं एक पुस्तकच काढलं. दोघांचं कधी जमलं नाही.

बेसिकला मोठा पाठीराखा मिळाला तो विन्स्टन चर्चिल. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये हार्वर्डमध्ये भाषण करताना त्याने बेसिकची जाहीर तारीफ केली. मला यातला योगायोग फार आवडतो, कारण त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, अमेरिका युद्धात उतरल्यावर, ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांची एका साध्या शब्दावरून जोरदार जुंपली होती. ती हकिकत चर्चिलनेच आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. ब्रिटिश म्हणाले, हा कागद तातडीचा आहे, तो आपण 'टेबल' करू. ब्रिटनमध्ये याचा अर्थ चर्चेला घेऊ. अमेरिकेत अर्थ बरोबर उलटा, बाजूला ठेवून देऊ. दोन्ही बाजूंना हवं होतं एकच, तरी बराच वेळ कडाक्याचा वाद चालला. आणि 'टेबल' हा शब्द बेसिकच्या ८५० मध्ये आहे बरं का! चित्र काढून शिकवायच्या वस्तूंच्या यादीत, चार पायांचं.

पुढे १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारने ऑग्डेनकडून बेसिकचे हक्क २३,००० पौंडांना घेतले, आणि त्यानंतर बेसिक हळूहळू विरून गेलं.

वेस्टची गाडी मात्र पुढे गेली. १९३५ मध्ये त्याने एक कोश काढला, त्यात २४,००० शब्द आणि वाक्प्रचारांचे अर्थ फक्त १,४९० शब्द वापरून सांगितले होते. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला कार्नेगी संस्थेच्या पैशाने शब्दनिवडीवर एक परिषद भरली होती. तिथे वेस्ट होता, थॉर्नडाइक होता, जपानमध्ये बरीच वर्षं इंग्रजी शिकवण्याचं काम करणारा हॅरल्ड पामर होता. तिचा अहवाल १९३६ मध्ये आला, मग महायुद्ध, आणि शेवटी १९५३ मध्ये वेस्टने संपादित केलेली 'जनरल सर्व्हिस लिस्ट' छापून आली. सुमारे २,००० शब्द. पण नुसते शब्द नाहीत. प्रत्येक शब्दाचे निरनिराळे अर्थ आणि कुठला अर्थ किती टक्के वेळा येतो, तेही दिलेलं. ते टक्के काढण्यासाठी अमेरिकेत पन्नास लाख शब्दांच्या मजकुरावर माणसं बसवली होती. शब्द दिसला की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातला त्याचा अर्थ शोधायचा आणि नोंद करायची. आपण ज्याला डेटा लेबलिंग म्हणतो, तेच, पेन्सिलीने.

आता हिशेब करू. ही २,००० शब्दांची यादी कोणी घोटून पाठ केली, तर इंग्रजी पाठ्यपुस्तकातले किंवा वर्तमानपत्रातले साधारण ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. ८० टक्के म्हणजे फर्स्ट क्लासच्याही वर. पण ८० टक्के म्हणजेच दर पाच शब्दांत एक अनोळखी. प्रत्येक ओळीत दोन-तीन खड्डे. २००० साली न्यूझीलंडमधल्या हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी हे तपासून पाहिलं. एका गोष्टीतले वेगवेगळ्या प्रमाणात शब्द बदलून तिथे अर्थहीन शब्द घातले आणि किती समजतं ते पाहिलं. ८० टक्के ओळखीच्या मजकुरात एकालाही गोष्ट धड समजली नाही. कोणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायला त्यांचं उत्तर आलं, सुमारे ९८ टक्के. पन्नासात एक!

ढाक्यातल्या माणसाने पाऊणशे वर्षं आधी, कॉम्प्युटरशिवाय, हाच आकडा धरला होता. माझ्या मते वेस्टचं खरं काम यादी हे नव्हेच. यादी हा त्याचा कच्चा माल. यादीच्या आत राहून लिहिलेल्या गोष्टी, हा पक्का माल. शब्द पाठ करून वर्तमानपत्रात उडी मार, असं त्याने मुलाला कधीच सांगितलं नाही. त्याने मुलाला वाचता येईल असं पुस्तक आधी लिहिलं. पण जगाने उचलली ती यादी. कारण यादी छापायला सोपी, विकायला सोपी, परीक्षा घ्यायलाही सोपी. गोष्टी लिहायला माणूस बसवावा लागतो.

आपल्याकडची परंपराही फार वेगळी नाही. आजोबांच्या पिढीला तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने इंग्रजी शिकवलं. नियम, शब्द, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करा आणि इंग्रजीचं मराठी. शेवटपर्यंत गेलेल्यांचं इंग्रजी खणखणीत झालं, यात शंका नाही. मधेच सोडलेल्यांच्या हातात काय आलं ते कोणी मोजलं नाही. व्हर्नाक्युलर फायनल करून प्राथमिक शिक्षक झालेल्या कितीतरी लोकांना इंग्रजीचा वाराही लागला नव्हता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवलं होतं, पुढे महाराष्ट्रात ते पाचवीवर आलं आणि २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीवर. चर्चा कायम 'कितवीपासून' याची. आठवीत, नववीत शाळा सुटलेल्याला त्यातून काय वाचता येतं, हा वेस्टचा प्रश्न आपण अजूनही टेबल करून ठेवला आहे. (अमेरिकन अर्थाने.)

शब्द आणि त्याचा संदर्भ यांची पक्की गाठ घातली ती शेवटी कॉम्प्युटरने. आयबीएममध्ये हान्स पीटर लून नावाचा इंजिनिअर होता. क्रेडिट कार्डाच्या नंबरातला शेवटचा तपासणीचा अंक काढण्याची रीत त्याची, आणि हॅशिंगची कल्पना लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही लोकांतही तो आहे. १९५८ च्या सुमारास त्याने शास्त्रीय लेखांच्या शीर्षकांची एक सूची मशीनवर बनवली. शोधायचा शब्द मधल्या रकान्यात, डावी-उजवीकडे त्याचे शेजारी. नाव 'की वर्ड इन कॉन्टेक्स्ट'. आपण लॉग फाइलमध्ये ग्रेप मारताना पुढच्या-मागच्या ओळीही मागतो ना, तसंच. कल्पना तशी जुनी आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून चालू असलेल्या संस्कृत कोशासाठीही शब्द असलेल्या ओळी कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून लाखोंनी साठवल्या आहेत. मशीनने फक्त वेग दिला.

हे तंत्र शिकणाऱ्यांच्या कोशात आणलं बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअरने. १९८० च्या सुमारास काम सुरू झालं आणि १९८७ मध्ये 'कोबिल्ड' कोश आला. त्यात अर्थसुद्धा पूर्ण वाक्यात दिलेले, म्हणजे अर्थ वाचतानाच शब्द कसा वापरायचा ते कळतं. मजकुराच्या ढिगातून निघालेल्या गोष्टी गमतीदार होत्या. 'बॅक' म्हणजे पाठ, हे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात लोक 'बॅक' वापरतात ते बहुतेक वेळा 'परत' या अर्थाने. 'टेक' म्हणजे घेणे, पण 'टेक अ लुक'मध्ये कोण काय घेतं?

ऑफिसच्या इंग्रजीचं दुखणं नेमकं हेच आहे. मध्यंतरी मी एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून आमच्या टीमच्या मेल्स वेस्टच्या यादीवरून फिरवल्या. यादीबाहेर पडले ते सर्व्हर, डिप्लॉयमेंट, इनव्हॉइस, डॅशबोर्ड. यांचा अर्थ कालच जॉइन झालेल्या पोरालाही विचारावा लागत नाही. कारण एक शब्द, एक अर्थ, आणि मराठीतही आपण तेच म्हणतो. नवीन माणूस अडखळतो तो यादीच्या आतल्या शब्दांवर. तिकीट 'रेझ' करणे, एखादा मुद्दा 'ॲड्रेस' करणे, 'ड्रॉप' होणे म्हणजे कॉल सोडणे, 'रन बाय' करणे म्हणजे विचारून घेणे. हे सगळे चौथी-पाचवीचे शब्द. म्हणून 'बिझनेस इंग्लिशचे ५०० शब्द' छापाची पुस्तकं चुकीच्या जागी मलम लावतात असं मला वाटतं. ती अवघड दिसणारे शब्द शिकवतात, आणि अडतं सोप्या दिसणाऱ्यांवर.

विमानवाल्यांनी यावर एक जालीम उपाय केला. दुरुस्ती करणारा मेकॅनिक कुठल्याही देशाचा असू शकतो, आणि मॅन्युअल चुकीचं समजलं तर परिणाम सांगायला नको. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात 'सिंप्लिफाइड इंग्लिश' ठरवलं. शब्द मोजके, आणि शक्यतो प्रत्येकाला एकच अर्थ. तिथे 'फॉलो' म्हणजे फक्त 'मागून येणे'. सूचना 'फॉलो' करायच्या नसतात, 'ओबे' करायच्या असतात. 'फॉल' म्हणजे वस्तू खाली पडणे. प्रेशर 'फॉल' होत नाही. ऑग्डेन जे शिकणाऱ्यावर लादू पाहत होता ते इथे लिहिणाऱ्यावर लादलं. ही वाटणी मला जास्त न्याय्य वाटते. पण क्लायंटला असली शिस्त कोण लावणार?

संदर्भातून शिकण्याची एक गंमत अशी की माणूस तो संदर्भ इमानाने शिकतो, मग तो शिळा का असेना. आपलं 'डू द नीडफुल' एके काळी ब्रिटनच्या व्यापारी पत्रव्यवहारात सर्रास होतं. 'ऑफ द फिफ्थ इन्स्टंट' म्हणजे याच महिन्याच्या पाच तारखेचं, असंही लिहीत. तिकडे हे सगळं मागे पडलं. इकडे हेडक्लार्कने साहेबाचं पत्र पाहून मसुदा केला, त्याचा मसुदा पाहून पुढच्याने केला, आणि 'नीडफुल' आपल्या आउटलुकपर्यंत येऊन पोचलं. 'काइंडली रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या, हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की तिकडचा डेव्हलपर ते वाचून आधीचा कोड परत आणायला निघेल, हे सुचतही नाही. मला यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. ज्या कचेरीत शब्द भेटला तिथला अर्थ लोकांनी घेतला, आणि तो शंभर वर्षं टिकवला.

वेस्टच्या यादीला आता वारस आले आहेत. ब्राउन आणि कलिगन यांनी २०१३ मध्ये जमवलेली नवी जनरल सर्व्हिस लिस्ट आहे, त्यांचीच व्यापारी मजकुरावरून केलेली सुमारे १,७०० शब्दांची यादीही आहे. दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. त्या यादीच्या आत राहून लिहिलेल्या ऑफिसच्या गोष्टी मात्र मला कुठे मिळाल्या नाहीत. म्हणून आमच्या टीममध्ये नव्या मुलांसाठी आम्ही एक फाइल करायला घेतली आहे: आमचीच जुनी तिकिटं, नावं-गावं काढून, सोप्याकडून अवघडाकडे लावलेली, आणि मधे मधे पन्नासाचा नियम पाळायला घातलेली आमची वाक्यं. 'रेझ' सहाव्या तिकिटात पहिल्यांदा येतो. 'रन बाय' अजून कुठे बसवायचा ते ठरत नाहीये.